वूजोची भिंत

द्राक्षासवापलीकडे ज्याची मजल कधीं गेली नाहीं, अशा माणसानें फ्रान्समधील एका मद्याविषयीं लिहावयास बसावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. तें तसें वाटावें अशीच आमचीही इच्छा आहे; कारण तें अगदीं स्वाभाविक वाटूं लागलें, तर आमच्या घराण्याविषयीं भलताच समज व्हावयाचा. आमच्या घरीं मद्याचा थेंब आल्याचें कोणाच्या स्मरणांत नाहीं. आमचें बालपण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या अमलाखालीं गेलें. पण त्या कायद्याची आमच्या वाड्यांत कोणास झळही लागली नाहीं आणि आठवणही झाली नाहीं. ज्या गांवास जावयाचेंच नाहीं, त्याची वाट बंद असली काय आणि मोकळी असली काय! दुखण्यांतून उठल्यावर वैद्यबुवांनीं दिलेलें द्राक्षासव समभाग पाण्यांतून दोन चमचे घ्यावें, एवढाच काय तो या प्रांतांतील आमचा अनुभव. आणि तें आसव द्राक्षांचा काढा आंबवूनच केलेलें असतें, ही गोष्ट आमच्या आजीस शेवटपर्यंत कोणीं सांगितली नाहीं, हें एक बरें झालें.

तेव्हां आरंभींच सांगून टाकतों कीं, मद्याची भलामण करण्याचा आमचा हेतु नाहीं. एक भिंत, तिच्या आंत पिकणारीं द्राक्षें, त्यांची वर्षानुवर्षें मुरत राहणारी वाइन, आणि त्या मळ्याच्या झालेल्या वांटण्या, यांविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत. त्यांतला शेवटचा शब्द आमच्या स्वतःच्या घरचा असल्यामुळें तो लिहितांना लेखणी थोडी अडखळेल. वाचकांनीं तेवढें सांभाळून घ्यावें.

गेल्या वर्षीं आश्विनांत आम्ही उभयतां फ्रान्समध्यें दिजों या शहरीं आमच्या पुतण्याकडे महिनाभर राहण्यास गेलों होतों. हा आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा. तेथें वनस्पतिशास्त्राचें संशोधन करतो. त्यानें व सूनबाईनें आमची जी सरबराई केली, तिनें आमच्या मनास जितका आनंद होई, तितकीच एक टोंचणीही लागून राही. कारण आमच्या पेटींत, धोतरजोड्यांच्या घडीखालीं, एक कागद होता. गांवच्या वडिलोपार्जित वाड्याच्या वांटणीपत्राचा तो मसुदा. आम्ही तिघे भाऊ. मधल्या व धाकट्या बंधूंनीं त्यास संमति देऊन वर्ष लोटलें होतें. आमची मात्र व्हावयाची होती. ‘वडिलांनीं एकत्र ठेवलेली वास्तु आमच्या हयातींत तुटूं देणार नाहीं,’ असें आम्ही चारचौघांत म्हणत असूं, आणि चारचौघेही मान डोलवीत. ज्येष्ठपणाची प्रतिष्ठा राखण्यास असें वाक्य फार उपयोगी पडतें. पुतण्यास हें सर्व ठाऊक होतें. परंतु त्यानें त्याविषयीं चकार शब्दही काढला नाहीं. आमच्या पेटीची चावी जणूं त्याच्याचपाशीं असावी, असें मात्र आम्हांस उगीचच वाटत राही.

एके रविवारीं सकाळीं तो म्हणाला, “काका, आज तुम्हांला आणि काकूंना एक भिंत दाखवतो.”

दिजोंहून दक्षिणेस बोन शहराकडे जो रस्ता जातो, त्याच्या उजव्या हातास, पूर्वेकडे तोंड करून, एक लांबच लांब उतार पसरला आहे. त्यास कोत दोर म्हणतात. सह्याद्री पाहिलेल्या माणसानें त्यास डोंगर म्हणूं नये. परंतु याच उताराच्या कमरेवरील अरुंद पट्ट्यांतील जमीन जगांतील अत्यंत महागड्या शेतजमिनींत मोडते. वीस किलोमीटर पुरे होण्याच्या आंतच वूजो नांवाचें एक चिमुकलें गांव लागतें. वूज नांवाचा ओढा तेथून निघतो, त्यावरून गांवाचें नांव पडलें. आणि गांवाला लागूनच ती भिंत.

भिंत म्हणून पाहूं गेल्यास तींत विशेष कांहीं नाहीं. चुनखडीच्या करड्या दगडांची, फार उंच नव्हे, ठिकठिकाणीं कमानीदार दरवाजे असलेली. आमच्याकडील एखाद्या सरदाराच्या गढीचा तट हिच्यापुढें मोठा दिसेल. पण तटाच्या आंत गढी असते. हिच्या आंत सुमारें ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशें एकर, द्राक्षमळा आहे. ‘क्लो’ म्हणजे बंदिस्त शेत. म्हणून या मळ्याचें नांव क्लो द वूजो, आणि त्यांतील द्राक्षांपासून होणाऱ्या तांबड्या वाइनचेंही नांव तेंच. नाशिककडील उंच मांडव पाहिलेल्या आमच्या डोळ्यांस तेथील वेली प्रथम खुरटलेल्याच वाटल्या. कमरेइतक्या उंचीच्या, ओळीनें लावलेल्या, एका हेक्टरांत सुमारें १०,००० इतक्या दाटीनें वाढवलेल्या! पीक नुकतेंच निघालें होतें आणि पानें सोनेरी होऊं लागलीं होतीं.

ही भिंत बांधली ती संन्याशांनीं. १०९८ सालीं येथून पूर्वेस कांहीं कोसांवर, दलदलीच्या रानांत, सितो येथें एक ख्रिस्ती मठ स्थापन झाला. जुन्या मठांत ऐश्वर्य शिरलें, म्हणून कडक नियमांनीं राहूं इच्छिणारे कांहीं साधु तेथें जाऊन राहिले. अंगावर न रंगवलेल्या लोंकरीचीं पांढरीं वस्त्रें, प्रार्थना आणि अंगमेहनत, असा त्यांचा क्रम. आतां अशा विरक्तांस मद्य कशाला, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनीं तत्काळ विचारलाच. त्याचें उत्तर दुहेरी आहे. एक तर ख्रिस्ती उपासनेंत द्राक्षमद्य हें नैवेद्यासारखें अवश्य. दुसरें असें कीं, ज्या संत बेनेडिक्टची नियमावलि हे साधु पाळीत, त्यानें सहाव्या शतकांतच मद्य हें साधूंस योग्य नव्हे असें सांगून, पण आपल्या काळच्या साधूंस तें पटणें नाहीं अशी कबुली देऊन, रोजचें एक बेताचें माप ठरवून दिलें होतें. मनुष्यस्वभाव ओळखणारा शास्त्रकार तो हाच!

बाराव्या शतकाच्या आरंभापासून या साधूंस वूजोच्या उतारावर जमीन मिळत गेली. कोणीं पुण्यार्थ चार वाफे दिले, कोणाशीं अदलाबदल झाली, कांहीं विकत घेतले. असें तुकडा तुकडा जोडीत सुमारें दोनशें वर्षें गेलीं, आणि १३३६ च्या सुमारास सबंध मळ्याभोंवतीं भिंत पुरी झाली. ज्यानें पहिला वाफा घेतला, त्याच्या नातवाच्या नातवानेंही भिंत पाहिली नसती. पण साधूंस नातू नसतात, आणि म्हणूनच बहुधा त्यांस इतका धीर असतो. मळ्याच्या वरच्या अंगास त्यांनीं दगडी कोठार व कारखाना बांधला. तेथें द्राक्षें दाबून रस काढण्याचीं चार अजस्र लांकडी यंत्रें आजही उभीं आहेत. त्याला जोडून १५५१ सालीं जो वाडा उठला, तो रस्त्यावरून दिसतो. आज तेथें वाइन होत नाहीं. लोक पाहावयास येतात.

दरवाज्यांत एक बाई आमची वाट पाहत होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढें, पायांत चिखलाचे बूट, हात आमच्या गांवच्या कुणबिणीसारखे राठ. या मळ्यांत त्यांच्या मालकीच्या कांहीं ओळी आहेत. पुतण्या त्यांच्या शेतांत मातीचे नमुने घेण्यास जात असे, त्यावरून ओळख. बाई फ्रेंच बोलणार, पुतण्या मराठींत सांगणार, असें दिवसभर चाललें.

त्यांनीं प्रथम आम्हांस वाड्याजवळच्या माथ्यावर नेलें आणि मूठभर माती हातावर घातली. बारीक खडे मिसळलेली, कोरडी, भुरभुरीत. खालीं हात दीड हातावर चुनखडीचा खडक. मग ओळींमधून चालत चालत आम्हांस अगदीं खालीं, मोठ्या रस्त्याच्या कडेच्या भिंतीपाशीं आणलें आणि तेथली मूठ दिली. ही माती काळसर, चिकट, जड. हात धुवावा लागला. एका भिंतीच्या आंत, हाकेच्या अंतरावर, दोन निराळ्या भूमि! वर पाणी टिकत नाहीं, म्हणून मुळें खडकाच्या फटींतून खोल जातात, फळ थोडें येतें पण सकस येतें. खालीं पाणी सांचतें, वेल माजते, फळ पाणचट होण्याची भीति. साधु लोक या भेदास जाणून होते. वरच्या भागाची वाइन पोपसाठीं, मधल्याची राजांसाठीं आणि खालची मठासाठीं, अशी एक कथा सांगतात. दुसरेही एक सांगणें आहे, आणि आम्हांस तें अधिक पटलें: साधु तिन्ही भागांची वाइन एकमेकींत मिसळीत. वरचीचा सुगंध, मधलीचा तोल, खालचीचें बळ. सर्व मिळून एक वूजो.

हें सुमारें पावणेसातशें वर्षें चाललें. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर मठांच्या मिळकती राष्ट्राच्या ठरल्या आणि १७९१ सालीं हा मळा विक्रीस निघाला. पुढें १८१८ सालीं तो उव्रार नांवाच्या श्रीमंत घराण्यानें घेतला व १८८९ पर्यंत अखंड ठेवला. त्या वर्षीं मात्र तो सहा व्यापाऱ्यांनीं मिळून विकत घेतला, आणि भिंतीच्या आंत पहिली रेघ पडली. त्यानंतर रेघांस अंत राहिला नाहीं. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी कायद्यानें बापाच्या मिळकतींत मुलांमुलींचा सारखा वांटा. बाप मेला कीं ओळी मोजाव्या, मुलांनीं वांटून घ्याव्या. एखाद्यानें विकाव्या, शेजाऱ्यानें घ्याव्या. आज त्या सव्वाशें एकरांत ऐंशींच्या आसपास मालक आहेत! कोणाचे कांहीं हेक्टर, तर कोणाच्या वांट्यास वर्षांतून एकदोन पिंपें भरतील इतक्याच ओळी. पिंप तेथें २२८ लिटरांचें, म्हणजे सुमारें ३०० बाटल्यांचें. १९३७ सालीं सरकारनें बर्गंडीच्या जमिनींची प्रतवारी केली, तेव्हां वर आणि खालीं हा भेद न करतां सबंध मळ्यास एकच सर्वश्रेष्ठ पदवी दिली. म्हणजे नांव एक, भिंत एक, पदवी एक; चवी मात्र ऐंशीं. जाणते लोक म्हणूनच केवळ ‘वूजो’ मागत नाहींत. कोणाची वूजो, हें आधीं विचारतात.

येथपर्यंत ऐकून आमच्या अंगीं एक प्रकारचें बळ आलें. आम्ही पुतण्यास म्हटलें, “पाहिलेंस? वांटणीनें काय होतें तें! एकत्र होतें तोंवर पोपांच्या आणि राजांच्या मुखीं होतें.” पुतण्यानें तें बाईंस सांगितलें कीं नाहीं, कळलें नाहीं; पण बाई बोलूं लागल्या आणि तो खालीं मातीकडे पाहत एकेक वाक्य मराठींत आणूं लागला.

“त्या म्हणतात, त्यांच्या सगळ्या ओळी या खालच्या अंगालाच आहेत. वरच्यांना जमीन पोसते, खालच्यांना जमिनीला पोसावें लागतें. … पाऊस पडला कीं वरच्या शेतांतलें पाणी यांच्याकडे येतें. त्यांचे वडील दर हिवाळ्यांत चर खणीत. ओळीच्या पायथ्याशीं वाहून आलेली माती टोपलींत भरून पुन्हां ओळीच्या माथ्यावर नेऊन घालीत. … त्या म्हणतात, आमचें पाणी खालीं कोठें जातें, असें वरच्या कोणीं आजवर विचारलें नाहीं.”

बाई रागानें बोलत नव्हत्या. हवापाण्याविषयीं बोलावें तशा बोलत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनीं एकदां आमच्याकडे पाहिलें आणि पदर सांवरला. कां पाहिलें, तें आम्हांस कळलें. वाचकांस पुढें कळेल.

मग त्यांनीं आम्हांस आपल्या घरीं, तळघरांत नेलें. तेथें ओकच्या लांकडाचीं पांचसहा पिंपें आणि भिंतीशीं आडव्या रचलेल्या, धुळीनें माखलेल्या बाटल्या. हवा ओलसर व गार. उन्हाळा असो कीं हिवाळा, साधारण बारा अंश. येथें त्यांनीं ही वाइन कशी होते तें सांगितलें, आणि खरें सांगावयाचें तर या विषयांत आमचें मन गुंतलें तें येथेंच.

या मळ्यांत लावतात त्या द्राक्षाचें नांव पिनो न्वार. काळसर, लहान, घट्ट घोंसाचें, पातळ सालीचें आणि अतिशय नाजुक. त्याचा रस मुळांत बिनरंगीच. तांबडा रंग आणि तुरटपणा हीं दोन्ही सालींतून उतरतात. म्हणून सप्टेंबरांत तोडणी झाल्यावर रस सालींसकट आंबूं देतात, आणि वर तरंगणारा सालींचा थर दिवसांतून कांहीं वेळां खालीं दाबतात. पूर्वीं माणसें कुंडांत उतरून पायांनीं तुडवीत. पुढें ती वाइन पिंपांत भरून सुमारें दीड वर्ष ठेवतात. लांकडांतून ती सावकाश श्वास घेते. थोडथोडी उडूनही जाते, म्हणून पिंप सतत कांठोकांठ भरीत राहावें लागतें. मग बाटली आणि बूच. बूच वाळूं नये म्हणून बाटली आडवी.

आणि मग वाट पाहणें. जगांतील बहुतेक वाइन एकदोन वर्षांतच संपवावयाची असते. ठेवली तर ती बिघडते. वूजोचें उलट आहे. तरुणपणीं ती तुरट, आंखडलेली आणि हट्टी असते. चांगल्या सालची असेल तर दहा वर्षें तिच्याकडे पाहूंही नये, आणि वीसतीस वर्षें ती सहज टिकते. या काळांत आंत घडतें काय? तुरटपणा ज्यामुळें येतो तें टॅनिन हिरड्यांत, सुपारींत, चहांत असतें त्याच जातीचें द्रव्य. त्याचे रेणु एकमेकांस धरीत मोठे होत जातात, रंगाच्या कणांसही आपल्यांत ओढतात, आणि कालांतरानें गाळ होऊन तळीं बसतात. त्यामुळें जिभेवरची धार बोथट होते. जांभळट तांबडा रंग विटेसारखा होतो. ताज्या फळांचा वास जाऊन सुकलेलीं फुलें, ओला पालापाचोळा, कातडें अशा वासांचा एक निराळाच मेळ जमतो. परंतु बाईंनीं एक गोष्ट बजावून सांगितली. जें मुळांत नाहीं तें ठेवल्यानें येत नाहीं. निकृष्ट वाइन जुनी झाली कीं केवळ म्हातारी होते.

या वाइनचा लौकिक मोठा. फ्रेंच फौजेचा एक सेनापति या भिंतीवरून जातांना पलटणीकडून मळ्यास लष्करी सलामी देववीत असे, अशी आख्यायिका आहे. कॅरेन ब्लिक्सन या डॅनिश लेखिकेच्या एका कथेवरून १९८७ सालीं ‘बाबेटची मेजवानी’ हा प्रसिद्ध चित्रपट निघाला. त्यांत एका धर्मशील पंथाचीं म्हातारीं माणसें जेवणाच्या चवीविषयीं अवाक्षर काढावयाचें नाहीं असा निश्चय करून पंगतीस बसतात. त्यांच्या पेल्यांत १८४५ ची क्लो द वूजो पडते, आणि वर्षानुवर्षें धुमसणारे त्यांचे आपसांतले रुसवे हळूहळू विरघळतात. पुतण्यानें ही कथा आम्हांस तळघराच्या पायऱ्या उतरतांनाच कां सांगितली असावी, याचा विचार आम्हांस फार उशिरां सुचला.

बाईंनीं एक बाटली काढली. १९९० सालची, त्यांच्या वडिलांनीं केलेल्या शेवटच्या कांहीं पिकांपैकीं एक. वडील ती पिण्यास राहिले नाहींत. बाटली कांहीं तास आधींच उभी करून ठेवली होती, गाळ खालीं बसावा म्हणून. बाईंनीं मेणबत्तीच्या उजेडांत ती इतक्या हळूं ओतली कीं, देवघरांतल्या समईंत तेल घालणाऱ्या आमच्या आईची आठवण झाली. पेला पुढें आला. नाहीं म्हणावें तर पस्तीस वर्षें जपलेली वस्तु नाकारण्याचा अपमान. हो म्हणावें तर सत्तर वर्षें जपलेला नेम. आम्हीं सौभाग्यवतींकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, “अहो, एवढें लांब येऊन त्या बाईंचें मन मोडूं नका. मी कांहीं गांवांत सांगायची नाहीं.” त्या सांगणार नाहींत म्हणून आम्हींच येथें सांगून टाकीत आहों.

एक घोंट घेतला. त्याचें जाणत्यासारखें वर्णन आम्हांस करतां येणार नाहीं. तुरट होतें, पण बोंचत नव्हतें. आंबट होतें, पण दांत आंबत नव्हते. आणि गिळून झाल्यावरही तें तोंडांत बराच वेळ राहिलें. सौभाग्यवतींनीं पेला हातीं घेऊन केवळ हुंगला. डोळे मिटून क्षणभर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हें मुरलें आहे.”

“काय म्हणाल्या?” बाईंनीं विचारलें. पुतण्या बराच वेळ फ्रेंच शब्द शोधीत राहिला. मुरणें! लोणचें मुरतें, मुरांबा मुरतो, पाऊस जमिनींत मुरतो, माणूस कामांत मुरतो. वेळ, मीठ, आंच आणि धीर यांनीं परक्या परक्या वस्तु एकमेकांत शिरून एकजीव होणें याला मराठींत एवढा एक शब्द पुरतो. शेवटीं त्यानें काय सांगितलें कोणास ठाऊक. पण बाई हंसल्या आणि त्यांनीं सौभाग्यवतींचा हात आपल्या राठ हातांत धरला.

आम्हीं मग तो प्रश्न विचारलाच. वांटणी झाली नसती तर बरें झालें असतें, असें त्यांस वाटतें का? बाईंनीं उत्तरेकडे हात केला. तिकडे दोनतीन मैलांवर मोरे गांवीं क्लो द तार नांवाचा दुसरा बंदिस्त मळा आहे, साडेसात हेक्टरांचा. ११४१ सालीं तो जोगिणींच्या एका मठाकडे आला, आणि तेव्हांपासून आजवर त्याच्या वांटण्या कधींच झाल्या नाहींत. नऊशें वर्षांच्या आंतबाहेर काळांत मालक मात्र चार. त्यांतला चौथा म्हणजे देशांतील एका अतिश्रीमंत घराण्याची कंपनी. तिनें तो २०१७ सालीं विकत घेतला. “अखंड राहतें तें चांगलेंच राहतें,” बाई म्हणाल्या, “पण तें कोणाचें राहतें?” त्यांच्या वडिलांनीं व दोघां चुलत्यांनीं ओळी वांटून घेतल्या होत्या. एका चुलत्याच्या मुलांनीं आपल्या विकल्या. दुसऱ्याची नात आणि या बाई मिळून आजही एकाच तळघरांत वाइन करतात, पिंपें मात्र निराळीं. “वांटणीनें आमचें वांकडें झालें नाहीं. वांटणीच्या आधीं जें न बोलतां राहिलें, त्यानें झालें.”

परतीच्या वाटेवर आम्ही फारसें बोललों नाहीं.

आतां तो घरचा शब्द. आमच्या वाड्याचा पुढला चौक आमच्याकडे आहे. ओटा, दिवाणखाना, माडी. मधला चौक मधल्या बंधूंकडे. मागचें परसू, जुना गोठा आणि त्यावर बांधलेल्या दोन खोल्या धाकट्या बंधूंकडे. वाड्याची जमीन मागें उतरती आहे. पुढल्या माडीच्या पागोळ्या ज्या पन्हळींत पडतात, ती पन्हळ वडिलांच्या काळापासून मागल्या परसांत सुटते. दर श्रावणांत तेथें घोटाभर पाणी उभें राहतें, भिंतींस लोणा लागतो, आणि धाकटे बंधु दर दिवाळीस स्वतःच्या खर्चानें गिलावा करून घेतात. वीस वर्षें हें आम्ही पाहत आलों. आणि त्या मसुद्यांत एक कलम होतें: पुढल्या चौकाचें मोल अधिक, म्हणून ज्येष्ठ बंधूंनीं धाकट्यास कांहीं रक्कम द्यावी. वडिलांच्या वास्तूविषयीं आमच्या ज्या उदात्त भावना, त्यांचें मूळ या कलमापाशीं होतें. हें आम्हीं आजवर स्वतःशींही कबूल केलें नव्हतें. सौभाग्यवतींस तें पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें.

साधूंची एकी खरी होती, कारण ते वरचें आणि खालचें एकत्र मिसळीत. आमची एकी म्हणजे वरच्यानें वरचें भोगावें, खालच्यानें खालचें सोसावें, आणि भिंत एक आहे म्हणून दोघांनीं अभिमान बाळगावा! ती मुरलेली नव्हती. नुसती जुनी झाली होती.

दिजोंस असतांनाच त्या रात्रीं पेटी उघडून आम्हीं कागद काढला व संमतीची सही केली. पुतण्या शेजारच्या खोलींत भांडीं आवरीत होता. त्यास हांक मारून दाखवावा असें मनांत आलें. पण इतक्या वर्षांनीं केलेल्या साध्या न्यायाचा सोहळा करणें शोभलें नसतें. धाकट्या बंधूंस पत्र लिहिलें. कलमाप्रमाणें रक्कम देतों. विहीर आणि पुढला ओटा तिघांचा राहावा, एवढी एकच दुरुस्ती सुचवितों. आणि कागद नोंदविला जाण्याची वाट न पाहतां पन्हळ उलट बाजूस, रस्त्याकडच्या गटारांत, वळवून घ्यावी, गवंड्याचा खर्च आमचा.

आठ दिवसांनीं त्यांचा दूरध्वनि आला. रकमेविषयीं ते कांहीं बोलले नाहींत. म्हणाले, “दादा, पन्हळ काल वळवली. आंत चिमण्यांचें जुनें घरटें निघालें, म्हणून पाणी इतकें तुंबत होतें.” थोडा वेळ थांबून मग त्यांनीं विचारलें, “वांटणी झाली तरी गणपति पुढल्याच चौकांत बसेल ना?”

आम्हीं म्हटलें, “बसेल. पण यंदा आरास तुमच्या परसांतल्या फुलांची.”

“तीं येतील कीं,” ते म्हणाले, “आतां पाणी राहणार नाहीं.”